जोडीदाराचे उत्पन्न

प्राप्तिकराचं रिटर्न कधी भरावं, असं त्या गल्लीत कोणी कोणाला विचारत नसे. काका गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, काखेत निळी फाइल मारून सकाळी साडेसहाला जिना उतरताना दिसले, की लोक समजत, आज खिडकी उघडणार. कसं भरावं हे विचारायची तर वेळच येत नसे, कारण काका न विचारताच सांगत. उत्पन्नाचा दाखला, बँकेच्या व्याजाचा दाखला, मागच्या वर्षीची प्रत. प्रत्येक पानावर सही. दोन प्रती न्यायच्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का बसल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. जे लोक शेवटच्या आठवड्यात जातात त्यांच्याविषयी काका काही बोलत नसत. नुसती मान हलवत.

काका वजनमापे खात्यात तपासनीस होते. दुकानदारांचे काटे तपासायचे, खोटा निघाला की जप्त करायचा, हे त्यांचं काम. ते बाजारात शिरले की मासेवाल्यापासून सोनारापर्यंत सगळे सरळ बसत. निवृत्त झाल्यावर हात रिकामे राहिले, म्हणून काही दिवस त्यांनी घरी आणलेला पाव तोलून पाहिला. एकदा पाव चार ग्रॅम जास्त भरला, तेव्हा ते बेकरीत जाऊन तसं सांगून आले. बेकरीवाल्याला बिचाऱ्याला काय करावं ते कळेना. त्याने माफी मागितली.

आणि काकू वेताच्या खुर्च्या विणत.

म्हणजे खुर्ची सुतार करतो, बसायच्या जागेची जाळी काकू करत. सुरुवात घरच्याच एका फाटक्या खुर्चीपासून झाली. काकूंनी ती जाळी एकेक पट्टी सोडवत उलगडली, कशी विणलीय ते वहीत काढून ठेवलं आणि पुन्हा विणली. तीनदा चुकली, चौथ्यांदा जमली. मग शेजारणीची खुर्ची आली, शेजारणीच्या नणंदेच्या चार आल्या, मग दातांच्या डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीतल्या आठ. तेव्हापासून मागच्या गॅलरीत खुर्च्या आणि न्हाणीघरात वेत भिजत घातलेली बादली, ही त्या घराची कायमची मांडणी झाली. काका बादली ओलांडून आंघोळीला जात. कुरकुर कधी केली नाही, माणूस वाईट नव्हता.

दातांच्या डॉक्टरांनी पैसे दिले त्या वर्षी काका टेबलावर फॉर्म पसरून बसले होते, तेव्हा काकूंनी विचारलं होतं, "अहो, ते आठ खुर्च्यांचे पैसे कुठे लिहायचे?"

"ते कशाला लिहायचे? छंद आहे तो तुझा."

"पण पैसे आलेत की."

"छंदाला उत्पन्न म्हणत नाहीत," काका म्हणाले, आणि 'जोडीदाराचे उत्पन्न' या रकान्यात त्यांनी सुबक अक्षरांत 'निरंक' असं लिहिलं. खाली जोडीदाराची सही लागे, वरील माहिती खरी असल्याबद्दल. वेत जास्त वेळ भिजला की काळा पडतो आणि बादलीत चांगला दोन खुर्च्यांचा वेत होता, म्हणून काकूंनी घाईघाईत सही ठोकली आणि न्हाणीघराकडे धावल्या.

तशी त्यांनी एकूण अठरा वर्षं सही केली. दरम्यान छंदातून पाणी तापवायचा बंब आला, लेकीच्या शेवटच्या दोन वर्षांची फी गेली, काकांचे दोन चष्मे झाले. आपल्या पगाराला बरकत आहे, असं काका लोकांना सांगत.

या वर्षी खिडकी उघडायला तीन आठवडे होते आणि टपालाने पत्र आलं. काकांनी ते उभ्याने वाचलं, बसून वाचलं, मग चष्मा पुसून वाचलं. करमाफीची मर्यादा वाढवण्यात आली आहे. आपले निवृत्तिवेतन व व्याज मिळून होणारे उत्पन्न या मर्यादेच्या आत येते. सबब आपणांस यापुढे विवरणपत्र भरण्याची आवश्यकता नाही.

"बरं झालं की," काकू म्हणाल्या. "सुटलात."

"मला काढून टाकलं," काका म्हणाले.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. संध्याकाळी त्यांनी लेकीला फोन लावला आणि "एक बातमी आहे, शांतपणे ऐक," अशी सुरुवात केली. लेक दुसऱ्या शहरात राहते. तिला वाटलं, आई गेली. खरा प्रकार कळल्यावर ती इतकं हसली की काकांनी फोन काकूंच्या हातात दिला आणि आत जाऊन पडले.

दुसऱ्या दिवशी ते कर कचेरीत गेले. तिथे काय झालं ते त्यांनी घरी येऊन काकूंना दोन्ही आवाजांत सांगितलं. खिडकीतली बाई म्हणाली, काका, लोक आमच्याकडे रडत येतात की कर कमी करा. तुम्हाला काय हवंय? काका म्हणाले, मला रिटर्न भरायचं आहे, तो माझा हक्क आहे. बाई म्हणाली, हक्क नव्हे काका, ते तुमच्यावरचं बंधन होतं, आता तेही राहिलं नाही. घरी जा, आराम करा.

"आराम करा म्हणाली," काका म्हणाले. "चौतीस वर्षं पहिला नंबर लावलाय मी त्या खिडकीवर."

काकूंना त्यांची दया आली. हसूही येत होतं, पण दया जास्त होती. ज्या माणसाला बघून बाजार सरळ बसत असे, त्याच्याकडे आता निवृत्तिवेतन, गुडघे आणि ती निळी फाइल एवढंच उरलं होतं, आणि त्यातली फाइलही सरकारने काढून घेतली होती.

पण काका हार मानणारे नव्हते. पत्रातली मर्यादा आणि आपलं उत्पन्न यांची त्यांनी वजाबाकी केली. तीन हजार दोनशे कमी पडत होते. गेल्या वर्षात कुठून तरी तीन हजार दोनशे मिळालेले असले, की माणूस पुन्हा करदाता. त्यांनी कपाटं उपसली. बँकेची जुनी पुस्तकं तपासली. मेलेल्या मावशीच्या ठेवीची एक पावती सापडली, तिचं व्याज अकरा रुपये निघालं. भाजीवाल्याचा काटा मागे एकदा दुरुस्त करून दिला होता, त्याचे पैसे त्याने दिले होते का, ते विचारून आले. त्याने दोन काकड्या दिल्या होत्या.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा काकांना आठ दिवस पुरला. नवव्या दिवशी सकाळी ते चहाच्या टेबलाशी आले तेव्हा चेहरा उजळलेला होता.

"एक मार्ग आहे," ते म्हणाले. "तुझे ते खुर्च्यांचे पैसे. ते माझ्याकडे दाखवायचे. 'इतर मार्गाने मिळालेले उत्पन्न'. रकानाच आहे तसा."

काकू पाव कापत होत्या. सुरी थांबली.

"म्हणजे खुर्च्या तुम्ही विणल्यात असं लिहिणार?"

"कोणी विणल्या ते विचारतच नाहीत गं. किती मिळाले एवढंच विचारतात."

"अठरा वर्षं छंद होता तो."

"नियमाने बघायला गेलं तर आता—"

"अठरा वर्षं छंद होता," काकू म्हणाल्या. "तुम्हाला गरज लागली तेव्हा उत्पन्न झालं. तेही तुमचं."

काका म्हणाले, अगं, एकाच घरातलं तर आहे, तुझं-माझं काय करतेस? हे वाक्य ऐकून कित्येक घरांतल्या कित्येक बायका आजवर गप्प बसल्या आहेत, आणि काकूही एरवी बसल्या असत्या. पण त्यांनी सुरी खाली ठेवली आणि दोन्ही हात टेबलावर उलटे मांडले. वेताची कड पात्यासारखी असते. उजव्या हाताच्या तर्जनीवर आडवे उभे जुने वण होते, आणि डाव्या अंगठ्याचं नख मध्ये दुभंगलेलं होतं, ते तसंच वाढत असे.

"हे कोणाकडे दाखवायचं?" त्यांनी विचारलं. "आयत्या पिठावर रेघोट्या मारताय तुम्ही. तुमच्या फॉर्मवर माझी सही लागते ना? मिळणार नाही."

बोलून झाल्यावर त्या गॅलरीत गेल्या आणि एका हॉटेलच्या विणायला आलेल्या खुर्चीला हात घातला. पट्टी भोकात जाईना. आपल्याला या गोष्टीचा राग आहे, आणि तो आजचा नाही, हे काकूंना साठाव्या वर्षी तिथे स्टुलावर बसल्या बसल्या कळलं. त्यांना रडू आलं, आणि त्या रडण्याचाही राग आला.

दोन दिवस घरात फक्त कामापुरतं बोलणं झालं. जेवायला वाढलंय. दिवा बंद करू का. बादलीत पाय जाईल, बघा.

तिसऱ्या दिवशी दुपारी काका गॅलरीत आले आणि उंबऱ्याशी पाटावर बसले. काकूंनी वर बघितलं नाही. त्या चौकटीच्या भोकांतून आडव्या पट्ट्या घेत होत्या, एक भोक झालं की लाकडी खुंटी मारून पट्टी दाबून धरायची, मग पुढचं. काका बघत राहिले. दुकानात काटा बघायचे तसे, मान जरा तिरकी करून.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "एका खुर्चीला किती वेळ लागतो?"

"नऊ तास. जाळी बारीक असेल तर अकरा."

"एकसलग?"

"घरचं काम कोण करणार मग?"

काका म्हणाले, "मी कधी विचारलं नाही हे."

"नाही विचारलंत," काकू म्हणाल्या.

"हिशोब ठेवतेस कुठे?"

काकूंनी खुंटी मारली, हात पुसले आणि आतून वही आणली. लगेच दिली नाही. क्षणभर छातीशी धरून उभ्या राहिल्या, कारण ती वही आजवर कोणी उघडली नव्हती. मग दिली. वहीत प्रत्येक खुर्ची होती. कोणाची, भोकं किती, वेत कुठला, तास किती, पैसे कधी आले आणि कधी आले नाहीत. वेताच्या दुकानाची बिलं एका पट्टीत ओवून पुठ्ठ्याला बांधलेली होती, तारखेप्रमाणे.

काका वही घेऊन टेबलाशी बसले ते दिवेलागणीपर्यंत उठले नाहीत. आधी पेन्सिलीने बेरजा तपासल्या. मग उलट बाजूने तपासल्या. सगळ्या नोकरीत बाजारातल्या एकाही माणसाची वही त्यांनी चुका न काढता परत दिली नव्हती. ही त्यांनी तीनदा तपासली आणि पेन्सिल खाली ठेवली. गेल्या वर्षी वाचनालयाने शहाण्णव खुर्च्या दिल्या होत्या. वेताचा खर्च वजा जाताही आकडा मर्यादेच्या वर जात होता. काकांच्या निवृत्तिवेतनाच्याही वर जात होता, पण त्याबद्दल ते त्या दिवशी बोलले नाहीत.

"अगं," त्यांनी हाक मारली. आवाज वेगळाच होता. "तुला रिटर्न भरावं लागेल."

"मला?"

"कायद्याने. चुकवता येणार नाही."

"आणि तुम्हाला?"

"मला नाही," काका म्हणाले. एवढे दोन शब्द बोलायला त्यांना बराच वेळ लागला.

दिव्याखाली अंधार असतो हे काकांना माहीत होतं. असल्या दिव्यांखाली वाकून बघण्याचाच तर त्यांनी पगार घेतला होता. आपल्याच न्हाणीघरातली बादली मात्र ते अठरा वर्षं ओलांडत आले होते. त्या आठवड्यात ते कमी बोलले. पण कामाला लागले, कारण दुसरं काही त्यांना येत नव्हतं. काकूंचा करदाता क्रमांक काढायचा अर्ज त्यांनी आणून दिला. बँकेतून व्याजाचा दाखला आणला. वेताची बिलं खर्चात धरता येतात, सुतळीचीसुद्धा धरता येतात, पण न्हाणीघराच्या पाण्याची नाही, हे समजावून सांगितलं. मग कोरा फॉर्म पसरला, पेनाचं टोपण काढलं आणि सवयीने पहिली ओळ लिहायला वाकले.

"द्या इकडे," काकू म्हणाल्या. "मी लिहिते."

"तुझं अक्षर—"

"वाचता येतं."

काका दोन्ही हात मांडीखाली घेऊन समोर बसले आणि बोटाने दाखवत राहिले. इथे क्रमांक. इथे पत्ता. इथे वेतन, ते तुला लागू नाही, रेघ मार. 'व्यवसाय' या रकान्यापाशी काकू थांबल्या. छपाईतच पर्याय दिले होते, नोकरी, व्यापार, शेती, इतर. खुर्च्या कशातच बसत नव्हत्या. काका म्हणाले, इतरवर खूण कर. काकूंनी खूण केली, आणि पुढे मोकळ्या जागेत, जागा पुरेना म्हणून समासात शिरून, लिहिलं, 'वेताच्या खुर्च्या विणणे, अठरा वर्षे'.

"वर्षं विचारलेली नाहीत," काका म्हणाले.

"मी सांगितलीत."

खिडकी पुढच्या सोमवारी उघडली. काकांनी त्या दिवशी सकाळी दाढी केली आणि आशेने विचारलं, "निघायचं?" काकू म्हणाल्या, हॉटेलच्या खुर्च्या पोचवायच्यात, त्या झाल्या की जाऊ. हॉटेलच्या बारा होत्या. काका रोज मोजत. त्यांनी खुर्च्या उचलून जिन्यावरून खाली नेल्या, गाडीत चढवल्या. बाराव्या दिवशी दोघं गेली. रांगेत सत्तावीस माणसं पुढे होती आणि काकांना उभ्या आयुष्यात तिथे कधी कोणाच्या मागे उभं राहावं लागलं नव्हतं. ते प्रत्येकाच्या हातातले कागद मान वाकडी करून बघत होते आणि एकाला म्हणाले, तिसऱ्या पानावर सही राहिलीय तुमची. त्या माणसाने आभार मानले. काकांना जरा बरं वाटलं.

खिडकीतली बाई तीच होती. काकांना बघून तिने सुस्कारा टाकला.

"काका, सांगितलं ना मी तुम्हाला."

"मी नाही," काका म्हणाले, आणि बाजूला सरकले. "यांना भरायचंय."

बाईने काकूंचे कागद चाळले. बिलं बघितली, बेरीज यंत्रावर करून बघितली. मग समासातली ओळ वाचली आणि चष्म्यावरून काकूंकडे बघितलं.

"अठरा वर्षं काम करताय, आणि पहिलंच रिटर्न?"

काकू काही बोलायच्या आत मागून आवाज आला.

"चूक माझी आहे," काका म्हणाले. रांगेतले लोक बघायला लागले. "माझ्या फॉर्ममध्ये यांच्या उत्पन्नाचा रकाना असायचा. मी दर वर्षी तिथे काही नाही असं लिहायचो. अठरा वेळा खोटं लिहिलं. दुरुस्तीचा अर्ज असेल तर द्या. दंड असेल तर तोही भरतो."

या माणसाने चुकीची कबुली लोकांकडून हजारदा घेतली होती. स्वतः देताना त्याला काकूंनी कधी पाहिलं नव्हतं. 

बाईने यंत्राची दोन बटणं दाबली. "आधीची वर्षं यांचं उत्पन्न मर्यादेच्या आतच असणार ना?"

"आतच. मी वही तपासलीय."

"मग तुमच्या करात फरक पडत नव्हता. फरक पडत नसेल तर दुरुस्ती आम्ही घेत नाही."

"पण खोटं होतं ते."

"असेल काका," बाई म्हणाली. "त्याचा आमच्याकडे फॉर्म नाही."

तिने शिक्का मारला, आधी कचेरीच्या प्रतीवर, मग काकूंच्या प्रतीवर, आणि कर किती होतो ते सांगितलं. फार नव्हता. काकांचा हात सवयीने पाकिटाकडे गेला. काकूंनी पर्स उघडली होती. त्यांनी पैसे मोजून खिडकीत ठेवले, शिल्लक घेतली, ती मोजली आणि बाजूला झाल्या.

बाहेर पायऱ्यांवर ऊन होतं. काकांनी काकूंच्या हातातून शिक्का मारलेली प्रत घेतली, शिक्का नीट उमटलाय का ते उजेडात धरून पाहिलं, चार पदरी घडी घातली आणि घरातला प्रत्येक कागद ते जिथे ठेवत आले होते तिथे, म्हणजे आपल्या शर्टाच्या खिशात, ठेवली. मग दोन पायऱ्या उतरून त्यांनी मागे पाहिलं. काकू वरच उभ्या होत्या.

त्यांनी हात पुढे केला होता. रागाने नाही. नुसता पुढे करून उभ्या होत्या.

काका पुन्हा दोन पायऱ्या वर चढले. त्यांनी कागद खिशातून काढला, घडी जराशी चुरगळली होती ती बोटाने सरळ केली आणि काकूंच्या हातात दिला.